दादाच्या डोंगरावरचं हवामान

आमच्या घरात कोल्हापूरचं हवामान कुणी विचारत नसे. उचगावात धुकं आहे की ऊन, हे दार उघडलं की दिसायचं. आप्पांना हवं असायचं ते वरचं हवामान. वरचं म्हणजे काश्मीरकडच्या डोंगरातलं, जिथं माझा थोरला भाऊ फौजेत होता. संध्याकाळच्या बातम्या संपत आल्या की आप्पा मला हाक मारायचे आणि स्वतः टीव्हीसमोर बसलेले असूनही मलाच विचारायचे, "काय म्हणतंय वरचं?"

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आप्पांचं आयुष्य फौंड्रीत, भट्टीच्या धगीसमोर गेलेलं. बर्फ त्यांनी पाहिला तो रसाच्या गाड्यावर, गोणपाटात गुंडाळलेला. त्यात पोरगं कमरेपर्यंत उभं राहतं ही कल्पनाच त्यांना झेपत नव्हती. म्हणून त्यांनी ते काम माझ्याकडे सोपवलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

हवामान मला शिकवलं दादानंच. त्याच्या ठाण्यावर त्याला बर्फ मोजायचं काम होतं. खुणा केलेला दांडा रोवलेला, त्यावर बर्फ किती चढला ते सकाळ-संध्याकाळ बघायचं, वारा बघायचा आणि खाली कळवायचं. त्यावरून खालचे लोक बर्फाचा कडा कधी कोसळेल याचा अंदाज बांधायचे. एकदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं स्वयंपाकघरात परात घेतली, पीठ दाबून बसवलं, वर साखर पसरली, तिच्यावर परत पीठ घातलं आणि परात तिरकी केली. वरचं पीठ एका दमात खाली आलं. म्हणाला, मधला थर असा साखरेसारखा सुटा झाला की माणसं जातात. आप्पा हसले, मी मात्र दोन दिवस त्याच पिठाच्या गोड भाकरी थापत होते. बर्फ पडायच्या आधी थंडी उलट कमी होते, पश्चिमेकडून ढगांचा लोट यायला दोन-तीन दिवस लागतात, तो टीव्हीवरच्या उपग्रहाच्या चित्रात आधीच दिसतो, हे सगळं त्यानंच सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात माझे अंदाज इतके बरोबर यायला लागले की गल्लीतले लोक मला वेधशाळा म्हणायचे.

पुढच्या पावसाळ्यात आप्पांना दम लागायला लागला. दिवाळीपर्यंत गोळ्यांवर काढलं, मग मिरजेला दाखवलं. हृदयाची झडप खराब झालेली, ऑपरेशनला पर्याय नाही, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आप्पांनी मान हलवली आणि घरी आल्यावर जाहीर केलं की थोरला येऊन सही केल्याशिवाय आपण टेबलावर चढणार नाही. मिरजेला नेणारी मी, औषधं देणारी मी, शिकवण्या घेऊन घर चालवणारीही मीच. घरचं कुठलंही सज्ञान माणूस सही करू शकतं, हे डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. पण थोरला असताना लेकीनं सही केली तर लोक तोंडात शेण घालतील, एवढंच त्यांचं उत्तर. मीही गप्प बसले. दादा येईल याची मला खात्री होती.

दादा म्हणाला, खिंडीतला रस्ता बर्फानं बंद आहे, उघडला की निघतो. तर आता असं झालं होतं, की रस्ता उघडला की दादा येणार आणि दादा आला की ऑपरेशन. म्हणजे ऑपरेशन हवामानावर, आणि हवामान माझ्यावर. चार दिवस ऊन राहिलं तर रस्ता मोकळा होईल, असं मी सांगायचे आणि आप्पा पिशवी भरायला लावायचे. रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर दादाचा फोन यायचा, की परत बर्फ पडला. मी घरी येऊन सांगायचे आणि पिशवी रिकामी व्हायची.

पहिल्या हिवाळ्यात त्याचा फोन महिन्यातून एखादा, तोही खाली उतरला तर. दुसऱ्या हिवाळ्यात दर रविवारी. वर आता उपग्रहाचा फोन बसवलाय, असं तो म्हणाला आणि आम्हाला आनंदच झाला. इकडे उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस गाणी लावून रस्त्यानं धावत होते आणि आप्पा मागं उशा लावून बसल्या बसल्याच झोपत होते, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. पावलं सुजली होती. दुधाच्या डेअरीपर्यंतसुद्धा जाववत नव्हतं.

अशातच एका शनिवारी बातम्यांत सांगितलं, की आज रात्रीपासून वर जोरदार बर्फवृष्टी होणार. रविवारी दादाचा फोन आला. कमरेएवढा बर्फ पडलाय, ट्रक अडकलेत, रस्ता आठवडाभर तरी उघडत नाही. मी आप्पांना तसंच सांगितलं. सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर तीच खिंड दाखवली. लख्ख ऊन पडलेलं, आणि ट्रकांची रांग आरामात चाललेली. ढगांचा लोट ऐनवेळी उत्तरेला सरकला होता आणि बर्फाचा कणही पडला नव्हता. मला आधी टीव्हीचाच राग आला. म्हटलं, जुनी चित्रं दाखवत असतील. दुसऱ्या दिवशी पेपरातही तेच आलं. तरी आठवडाभर मी दादाच्या बाजूनं कारणं शोधत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तरी सांगणार कुणाला.

पुढच्या रविवारी बूथवर मी रिसीव्हर घट्ट धरून विचारलं, "गेल्या रविवारी किती पडलता म्हणालास?"

"कमरेएवढा. सांगितलं की."

"न्हाय पडला. ढग वरच्या अंगानं निघून गेलं. आदल्या दिवशी टीव्हीवर पडणार म्हणालते, त्येच तू मला ऐकवलंस. अंदाज आमचा चुकंल, दादा. तिथं उभारलेल्या माणसाचा कसा चुकंल?"

  मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या आधीच त्याला खाली मैदानातल्या छावणीत आणलं होतं. सामानाच्या कोठारात बैठं काम होतं. तिथं टीव्ही होता, आणि आम्ही बघायचो त्याच बातम्या तोही बघायचा. सुट्टीही मिळत होती, त्यानं मागितली नव्हती. आप्पा टेबलावरच गेले तर, आणि तेही त्याच्या सहीनं, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. थोरल्यानं बापाला मारलं, असं लोक जन्मभर म्हणतील.

"बर्फाखालनं माणसं काढलीत मी," तो म्हणाला. "पण ही सही मला न्हाय जमायची. आप्पांस्नी सांगू नगंस."

त्याची भीती मला आज कळते. त्या दिवशी कळली नाही आणि माफ मी आजही केलेलं नाही. त्यानं केसानं गळा कापला होता, आणि त्यासाठी हत्यार म्हणून वापरलं ते माझं तोंड. आप्पांपर्यंत खोटं पोचवणारी मी होते. जे ज्ञान मला देऊन त्यानं मला शहाणी केली, त्याच्याच जोरावर मला मूर्ख बनवलं. आप्पांचा एकेक श्वास महाग होत होता आणि मी त्यांना ऊन-बर्फाचे हिशेब सांगत बसले होते.

घरी आले तर आप्पा वाट बघत होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी काहीही न लपवता सांगितलं, की वर ऊन आहे, रस्ता चालू आहे, दादा डोंगरावर नाहीच, दिवाळीपासून खाली आहे, आणि येणार नाही.  दोन हिवाळे आप्पांनी माझा शब्द खरा मानला होता, त्याच शब्दावर पिशवी भरली होती आणि सोडली होती.

"अंदाजच त्यो," ते म्हणाले. "चुकतोय कवा कवा."

मी म्हटलं, हा अंदाज नाही, तो स्वतः बोललाय. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "माझं पोरगं बर्फात हाय," एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही. डॉक्टरांकडून तारीख घेतली, रिक्षा ठरवली, आप्पांना स्टेशनवर नेलं आणि मिरजेच्या गाडीत बसवलं. त्यांनी विरोध केला नाही, तेवढा दमच उरला नव्हता. ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं कागद पुढं केला आणि मी सही केली.  आप्पा स्ट्रेचरवर होते. त्यांनी मान वर करून नर्सला सांगितलं, "थोरला बर्फात अडकलाय. रस्ता बंद हाय. म्हणून लेक करत्या सही." नर्सनं हळहळून त्यांचा हात दाबला. पुढं भेटायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांनी हेच सांगितलं, आणि लोक दादाचं कौतुक करत चहा पिऊन गेले.

आप्पा वाचले. उन्हाळ्यात दादा आला. अक्रोडांची पिशवी घेऊन आला, ते कुठल्या बाजारातले हे मी विचारलं नाही. संध्याकाळी तो आणि आप्पा टीव्हीसमोर बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा आप्पा त्याला म्हणत होते, यंदा लई बर्फ हुता म्हणं, हीच सांगायची मला रोज.

"व्हय, लई," दादा कपात बघत म्हणाला.

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी होकार द्यावा म्हणून, बापलेक दोघंही. दादाच्या डोळ्यांत विनंती होती. आप्पांच्या डोळ्यांत नुसता हुकूम होता. दादानं मला फसवलं ते दुरून, फोनवरून. आप्पा फसवत होते ते समोर बसून, माझ्या हातचा चहा पीत.

"खिंड उघडी हुती, आप्पा," मी म्हटलं.

टीव्हीवर कसल्या तरी साबणाची जाहिरात लागली होती. आप्पा छातीच्या टाक्यांवर हात दाबून खुर्चीतून उठले, टीव्हीपर्यंत गेले आणि त्यांनी आवाज वाढवला.