आधी धावदोरा, मग पक्की टीप

माझी आजी बायकांचे कपडे शिवते. 'शिवायची' असं कुणी म्हटलं, तर ती चष्म्यावरून अशी बघते की समोरच्याचं पोट आपोआप आत जातं. तिचा नियम एकच: आधी पांढरा, कच्चा धावदोरा, मग अंगावर ट्रायल, आणि जमलं तरच पक्की टीप.

तिच्या गुडघ्यांनी तिसऱ्या मजल्याशी कट्टी घेतली, तेव्हा घरात बैठक बसली. बाबा म्हणाले, "आई, तू आमच्याकडेच यायचं." आत्या म्हणाली, "त्यापेक्षा तिच्याच घरी दिवसभर बाई ठेवू." शिवाय मागच्या गल्लीत ज्येष्ठांचं निवास होतं, नर्स-बिर्ससकट. आजीने एवढंच विचारलं, "माझं मशीन कुठे बसेल?"

दोघंही पंख्याकडे बघायला लागली.

"मग तिन्हीकडे ट्रायल घेते," आजी म्हणाली.

आमच्याकडे मशीन बाल्कनीत गेलं. बाबांचं सारखं चालू, "आई, दमलीस का गं?" (हे मी इतकं हुबेहूब करते की आजी सुईत दोरा ओवता ओवता मलाच "नाही रे" म्हणते.) मग खालच्या मजल्यावरचे काका "जरा खडखड होते हो" म्हणत वर आले आणि मशीनवर चादर पडली.

तिच्या घरी बाई आली. भली होती बिचारी, पण आजीच्या हातातली कात्रीच काढून घ्यायची. "लागेल हो आजी!"

"ही आणखी राहिली तर मला घास भरवेल," आजीने फोनवर कुजबुजत सांगितलं.

निवासातल्या मॅनेजरबाई पाकात बुडवून बोलायच्या. "आता ओन्ली आराम, हं आजी!"

"आराम? एवढं काय केलंय मी?"

पण मशीन खिडकीशी लागलं. पहिल्याच दुपारी शेजारच्या खोलीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका काठी आपटत दारात उभ्या. आजीचा पाय मशीनच्या पायडलवर थिजला. तिला सोडायला आलेल्या बाबांनी तर चादर शोधायलाच घेतली.

"बंद का केलंत?" मुख्याध्यापिका कडाडल्या. "आत्ता कुठे डुलकी लागत होती मला!"

"बसा," आजी म्हणाली. "ब्लाउज खांद्यावरून उतरतोय तुमचा."

पुढच्या शनिवारी मी गेले, तर आजीच्या मांडीवर खोलीचा पडदा. आल्या दिवशी तो तिने नुसत्या धावदोऱ्यावर टांगला होता. आता त्याला पक्की टीप बसली होती, आणि आजी पांढरा दोरा दातात धरून सर्रकन ओढून काढत होती.

मी बाबांचा आवाज काढला, "आई, घरी कधी येतेस गं?"

"रविवारी, जेवायला," दातातला दोरा न सोडता आजी म्हणाली. "आणि तुझी ती पँट काढून ठेव. पायात लोळते."