दसऱ्याचा फोन, शारजाचा वर्ग

"ऐकू येतंय का? अगं पोरी, ऐकू येतंय का?"

मी गॅलरीत उभा राहून, नवाकोरा फोन तोंडासमोर आरशासारखा धरून, शारजाला विचारत होतो. शारजा समुद्रापलीकडे आहे हे मला ठाऊक आहे. पण आवाज असा लागला होता की खरं तर फोनची गरजच उरली नव्हती. नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरातली कुत्री उठून बसली. समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ "येतंय, येतंय" म्हणून खिडकी लावून आत गेला. पळस्पे फाट्यावर गोव्याकडे वळणाऱ्या ट्रकांनी ब्रेक मारले असणार, आणि उरणच्या मोरा बंदरातून सुटलेली लाँच अर्ध्या पाण्यातून परत फिरली असं मला नंतर कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नका.

पडद्यावर खालच्या भाभींची शारजाला राहणारी मुलगी स्वच्छ दिसत होती. तिचं बोलणंही स्वच्छ ऐकू येत होतं. ती मान हलवत होती. शेवटी तिने टाइप करून पाठवलं, "बाईंचा आवाज येत नाहीये."

बाई म्हणजे माझी बायको. ती माझ्या शेजारी, इस्त्रीची साडी नेसून, हात पुढ्यात बांधून उभी होती. वर्ग सुरू व्हायला अर्धा तास होता.

हा वर्ग काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा म्हातारा उगाच बोंबलतोय. बायकोने उभा जन्म प्राथमिक शाळेत काढला. निवृत्त झाल्यावर तिने फाटकाशी पाटी लावली, 'मराठीची शिकवणी घेतली जाईल'. एवढ्या दिवसांत त्या पाटीकडे बघून एकच माणूस वर आला, आणि त्याने फ्लॅट भाड्याने आहे का विचारलं. तिने पाटी काढून माळ्यावर टाकली आणि त्या दिवसापासून डाळी निवडायला लागली. आमच्या घरात इतकी निवडलेली डाळ कधीच नव्हती. एकेक दाण्याची जणू तोंडी परीक्षा झालेली.

मग खालच्या मजल्यावरच्या भाभी एक दिवस वर आल्या. या मूळच्या उरणच्या, साहेब आयुष्यभर गल्फला. मुलगीही लग्न होऊन शारजालाच, तीच ती पडद्यावरची, आणि माझ्या बायकोचीच जुनी विद्यार्थिनी. तिच्या दोन मुली सुट्टीत इथे येतात. तिथल्या शाळेत हिंदी असल्यामुळे अक्षरं ओळखतात, पण बोलणं सगळं इंग्रजी, मराठी बोलता येत नाही. भाभींना मराठीशिवाय दुसरं काही येत नाही.

"बाई, काय सांगू तुमाला," भाभी म्हणाल्या, "महिनाभर आमी एकमेकींकडे बघून नुसत्या हसतो. माझे गाल दुखतात. पोरी 'नानी' म्हणतात आणि थांबतात. पुढे काय बोलायचं ते त्यांना नाय येत, मला नाय येत."

ठरलं असं की शनिवारी पाच वाजता एक वर्ग घेऊन बघायचा. मुलींना जमलं, त्या बोलल्या, तर पुढे चालू. नाहीतर त्यांच्या आईने आधीच सांगून टाकलं होतं, "बाई, राग मानू नका, पण त्यांना आधीच भरपूर क्लास आहेत. नाही जमलं तर सोडून देऊ." बायकोने राग मानला नाही. पण त्या आठवड्यात तिला स्वयंपाकघरात पातेल्यांना "मुलींनो, बसा" म्हणताना मी ऐकलंय.

वर्ग घ्यायचा होता कॉम्प्युटरवर. आमचा कॉम्प्युटर म्हणजे घरातला सगळ्यात ज्येष्ठ नागरिक. त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल, रुमालावर फोटोफ्रेम. आणि त्याचा डॉक्टर मी. सगळा सेक्टर मला कॉम्प्युटरचं विचारतो. म्हणजे विचारत असे. पूर्वी.

गुरुवारी हा ज्येष्ठ नागरिक बसला. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा आणि आतून तीन शिट्ट्या. पडदा काळा. पहिल्याच दिवशी बायकोने आतून ऐकून कुकरखालचा गॅस बंद केला. रात्री आम्ही कच्चा भात चावला आणि दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

आता अशा वेळी काय करायचं, ते मी लोकांना फुकट सांगत आलोय. पहिलं, बंद करून चालू करा. हा उपाय मी टीव्हीवर, गीझरवर आणि एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीवरही करून पाहिलाय. सेक्रेटरी बंद झाले, चालू व्हायला वर्ष गेलं. दुसरं, सगळ्या वायरी काढून पुन्हा लावा. मी काढल्या. लावल्यावर एक उरली. ती अजून माझ्याकडे आहे, कुणाला हवी असेल तर न्या. तिसरं, आतली मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड शाळेच्या खोडरबराने घासा. हसू नका, निम्मे कॉम्प्युटर याने उठतात. मी प्लग काढून पेटी उघडली. आत धुळीचा थर असा होता की पेरलं असतं तर नाचणी आली असती. त्यात गेल्या दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळ्या, पूजेच्या अक्षता, आणि पंख्यात अडकलेलं आपट्याचं एक पान. सोनं म्हणून दिलेलं.

"ही काय पूजा झाली?" मी म्हटलं. "यंत्राच्या पोटात तांदूळ?"

"तांदूळ तुम्हीच टाकलेत," बायको म्हणाली. "मी हळदकुंकू दाखवते फक्त. मूठभर अक्षता उधळायची हौस तुमची."

मी पट्टी घासली. खोडरबर संपलं, पट्टी लग्नात मिळालेल्या भांड्यासारखी झळकली, पेटी बंद केली, बटण दाबलं. चार शिट्ट्या. म्हणजे आजार वाढला.

शुक्रवारी संध्याकाळी मी जाहीर केलं, "फोनवर घेऊ वर्ग. फोन कशाला आणलाय मग?"

हा फोन दसऱ्याला आणलेला, नुकताच. तो आणताना दुकानदाराने जुना मागितला. माझा जुना आमटीत पडून वारला होता, म्हणून मी बायकोचा दिला. "आपल्या दोघांचा एकच, मोठा, उत्तम," असं तिला समजावलं. तिला काही समजलेलं दिसलं नाही.

फोनबद्दल माझं मत विचाराल तर, हा फोन नाही, जावई आहे. हातात ठरत नाही, खिशात बसत नाही, पाटावर ठेवला तर घसरतो, आणि सारखा काहीतरी मागतो. परवानगी द्या, जागा द्या, अंगठा द्या. अंगठा दिला तर म्हणे पुन्हा द्या. चेहरा नोंदवा म्हणाला, तेव्हा मी नेमका खाली पार्किंगवरून भांडून आलो होतो. त्याने तोच चेहरा घेतला. आता शांत माणसाला तो ओळखतच नाही. उघडायचा असला की मला आधी पार्किंग आठवावं लागतं. कॅमेरा तर विचारूच नका. माझा फोटो काढला तर त्यात कुणीतरी गुळगुळीत, गोरा, बिनसुरकुत्यांचा इसम आला. भाभींनी बघून विचारलं, "भाऊ, हे तुमचे छोटे भाऊ का?"

दसऱ्याला त्याची यथासांग पूजा झाली होती. देवघरापुढे पाटावर सरस्वती काढलेली दगडी पाटी, तिच्याशेजारी मिक्सर, स्क्रू ड्रायव्हर आणि हा जावई. बायको म्हणाली, "नुसतं दाखवा हळदकुंकू."

"दाखवायला तो काय मुलगी बघायला आलाय?" मी म्हटलं. "लावायचंच."

"कॅमेऱ्याला लागू देऊ नका."

एवढी अक्कल मलाही होती. कपाळाशी कॅमेरा, म्हणून मी कपाळ सोडलं आणि फोनच्या पायाशी लावलं. ओलं कुंकू, अनामिकेने दाबून, मनापासून.

त्यानंतर ज्याला फोन करावा तो "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायला लागला. मी म्हटलं नेटवर्क. पाऊस गेला की टॉवरला सुस्ती येते, असं मी चार जणांना समजावूनही सांगितलं होतं.

तर शनिवारी आम्ही गॅलरीत. "बाईंचा आवाज येत नाहीये" हा निरोप वाचून मी आत आलो आणि कामाला लागलो. फोन बंद करून चालू केला. सेटिंगमध्ये गेलो. सेटिंगमधून परत यायचा रस्ता सापडेना, एका ठिकाणी तर भाषा बदलली आणि फोन माझ्याशी तेलुगूत बोलू लागला. भाभी एव्हाना वर येऊन सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या, नवा दुपट्टा घेऊन. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्या बिचाऱ्याला स्वतःलाच दिसत नाही, तो चित्र कुठून दाखवणार.

"भाऊ, तकलीफ नका घेऊ," त्या म्हणाल्या. "पोरी दिसल्या तरी पुरे."

"भाभी, तुम्ही निवांत बसा, हे माझ्या हातातलं काम आहे," मी म्हटलं, आणि फोन हातातून सुटला. गादीवर पडला म्हणून वाचला.

पाच वाजले. पडद्यावर दोन वेण्या आणि दोन वेण्या अशा दोन मुली येऊन बसल्या. मागे त्यांची आई, हाताची घडी घालून. बायको म्हणाली, "मुलींनो, बसा." त्या आधीच बसल्या होत्या. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. धाकटीने जांभई दिली. आईने घड्याळ बघितलं.

माझ्या बायकोचा चेहरा मी बऱ्याच वर्षांत इतका पडलेला पाहिला नव्हता. फाटकावरची पाटी काढली तेव्हाही नाही.

"थांब, एक उपाय राहिलाय," मी म्हटलं. "ब्लूटूथ..."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. उठून देवघराकडे गेली, सरस्वतीची पाटी उचलली, नमस्कार केला, पदराच्या ओल्या टोकाने सरस्वती पुसली आणि पाटीवर एक मासा काढला. तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि कानामागे हात लावला. म्हणजे, सांगा.

"फिश!" धाकटी म्हणाली.

बायकोने नकाराची मान हलवली. माशाखाली लिहिलं, 'मासा'.

"मा-सा," थोरलीने वाचलं.

पाटी पुसली. मांजर. मांजराच्या तोंडात मासा. बायकोने खांदे उडवून विचारलं, काय झालं? मुली एकमेकींच्या अंगावर पडत ओरडायला लागल्या. शिक्षिकेलाच बोलता येत नसल्यामुळे सगळं बोलणं त्यांच्यावर आलं होतं. "मांजर मासा... खाती?" बायकोने लिहिलं, 'खाते'. "खाते! मांजर मासा खाते!"

मी मात्र हार मानणारा माणूस नाही. मी मागून जाऊन आवाजाची पट्टी वर केली. मुलींना सांगितलं, "तुमच्याकडून बंद करून चालू करा." त्यांच्या आईला सांगितलं, "वायफायच्या डब्याजवळ जाऊन बसा." मग सेटिंगवर बोट गेलं आणि पडदा कुलूपबंद झाला. बायकोने फक्त फोन माझ्या चेहऱ्यासमोर धरला. पार्किंग आठवायची गरज पडली नाही, लगेच उघडला.

पुढे तिने पाटीवर एक ओळ लिहिली आणि फोन सोफ्याकडे वळवून कपाटाला टेकवला. मग भाभींकडे बोट दाखवून पाटी शेजारी धरली. थोरलीने एकेक अक्षर जोडत वाचलं.

"नानी, जेवलीस का?"

भाभी सोफ्यावरून फोनच्या दिशेने पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "जेवलंय गो. तू जेवलंस का? काय केलंय आज घरात?" शारजाला यातलं अक्षर पोचलं नाही. पण बायकोने लिहिलं, 'हो. तू?' आणि धाकटीने थोरलीला बाजूला ढकलून सांगितलं, "मी मासा खाते." भाभी दुपट्ट्याने डोळे पुसत हसायला लागल्या. या वेळी गाल दुखले असं काही म्हणाल्या नाहीत.

वर्ग संपल्यावर फोनवर मुलींची आई तेवढी थांबली. इकडे बायकोने फोन उचलून उलटा केला, चष्मा लावला आणि पायाशी बघितलं. तिथल्या बारीक भोकांत वाळलेलं लाल बूच बसलं होतं. फोन आपलं बोलणं ऐकतो ते तिथूनच, हे त्या दिवशी कळलं. यात दोष कुणाचा, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. माझं मत असं की कंपन्यांनी कान पायाला ठेवूच नयेत.

जुना मऊ ब्रश घेऊन, कोरडाच, हलक्या हाताने मी कुंकू झाडून काढलं. टाचणी खुपसू नका, पाणी लावू नका, हेही सांगून ठेवतो, फुकट. मग विजयी वीरासारखा फोन तोंडाशी धरला.

"पोरी, आता ऐकू येतंय का? सापडलं मला काय बिघडलं होतं ते. पुढच्या वेळी बाईंचा आवाज कसा खणखणीत येतो बघ."

"पुढच्या शनिवारी पाचलाच ठेवू," ती म्हणाली. "बाईंचा आवाज नाही आला तरी चालेल, काका. तुमचा सगळा वेळ येत होता, तेवढा बंद करा."