शोकेसमधली पिशवी

किन्हवलीच्या अलीकडच्या पाड्यात धाऊला नुसतं धाऊ म्हणायची सोय नव्हती. तो दूध सोसायटीचा चेअरमन. धार काढायला गाईच्या कुठल्या बाजूला बसायचं हेसुद्धा त्याला बायकोला विचारावं लागलं असतं. पण गाय या विषयावर मुरबाडच्या बाजारापासून भातसानगरच्या वसाहतीपर्यंत जो सापडेल त्याला तो तासभर ऐकवी. शेण काढणं, पाणी पाजणं, धार काढणं ही हलकी कामं बायकोची, म्हणजे हिरीची. गोठ्यात एकच संकरित गाय होती, मोरी. ती आई मेलेलं वासरू असताना हिरीने तिला पेजेवर जगवलं होतं, आणि आता ते घर मोरीच्या दुधावर चाललं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीच्या आधी शहापूरहून गुरांचे डॉक्टर प्रशांत शिबिर घ्यायला आले. त्यांनी घसा फोडून सांगितलं, की गाय आटली म्हणून तिला नुसत्या भाताच्या पेंढ्यावर टाकू नका. त्या पेंढ्यात क्षार नसल्यात जमा आहेत. हिरवा पाला द्या, रोज मूठभर क्षार मिश्रण द्या. आणि व्याल्यावर पहिले दोन दिवस कास पार रिकामी करू नका, नाहीतर अंगातलं कॅल्शियम चिकाबरोबर निघून जातं आणि गाय बसते. चेअरमन पहिल्या खुर्चीवर बसून मान डोलवत होता. शेवटी क्षार मिश्रणाची पाच किलोंची पिशवी त्याच्या हातात देऊन फोटो काढला, तेवढं मात्र त्याने लक्ष देऊन करून घेतलं.

पिशवी घरी आली आणि थेट शोकेसमध्ये गेली. काचेची दोन बदकं बाजूला सरकली, मधे पिशवी, मागे फोटो. येईल त्या पाहुण्याला धाऊ आधी शोकेस दाखवी, मग पाणी विचारी.

मोरी फेब्रुवारीअखेर विणार होती. डिसेंबरात धार बंद करून तिला आटवली तेव्हा हिरी म्हणाली, "अवो, ती पूड द्या ना काढून. डॉक्टर बोललं व्हतं."

"आटलेल्या गाईला कसली पूड गो? दूध देईल तवा बघू. आन् पिशवी फोडली, तर मानसांला दाखवू काय?"

झालं. मोरीच्या पुढ्यात पेंढा, आणि बदकांच्या मधे क्षार. हिरी जमेल तसा पाला आणी, पण जानेवारीत माळावर पाला तरी किती मिळणार?

मोरी व्याली, कालवड झाली. धाऊने महिनाभर आधीच सोसायटीच्या सगळ्या मेंबरांना आणि भातसानगरच्या धरणावरच्या साहेबांना खरवस कबूल करून ठेवला होता. सकाळीच दारात टोप घेऊन पाचसहा माणसं उभी. धार काढता येत नव्हती, म्हणून चेअरमन हिरीच्या डोक्याशी उभा राहून हुकूम सोडत होता. "काढ, अजून हाय. भातसानगरचा डबा रिकामाच हाय."

"कास रिकामी करू नको बोललेत ते."

"चेअरमन कोन हाय, तू का मी?"

चार माणसांसमोर नवऱ्याशी भांडायची हिरीला लाज वाटली. तिने शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं. संध्याकाळीही पिळलं. त्या लाजेचा तिला पुढे जन्मभर राग आला.

दुसऱ्या दिवशी चेअरमन सायकलला डबे लटकावून भातसानगरला गेला. दुपारी हिरी गोठ्यात आली तर मोरी बसलेली. मान वळून कुशीवर पडलेली, कान गार, डोळे निर्जीव. हाक मारली तरी कान हलेना. हिरीने चप्पलसुद्धा न घालता किन्हवली गाठली आणि फोनवर डॉक्टरांना ओरडून सांगितलं, "मोरी मरतेय हो!"

डॉक्टर आले. कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरून मानेच्या शिरेतून थेंब थेंब सोडली. बाटली संपेपर्यंत हिरी मोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मोरीचं अंग थरथरलं, तिने ढेकर दिला, शेण टाकलं, आणि धडपडत उठली. हिरी त्या शेणातच बसून रडली.

तेवढ्यात रिकामे डबे वाजवत धाऊ आला. डॉक्टरांनी विचारलं, "चेअरमन, पिशवी दिली होती ना मी? रोज घालत होतात?"

हिरी उठली, शेणाच्या हातांनी शोकेस उघडून पिशवी ओढली आणि डॉक्टरांपुढे आणून कोयत्याने फाडली. आतली पूड दमटपणाने दगड झाली होती.

दोन हजार साली मोरी पुन्हा गाभण राहिली. आटवल्यापासून हिरीने स्वतः आणलेलं मिश्रण स्वतःच्या हाताने चारलं. शेवटच्या पंधरवड्यात धाऊ चुन्याचं पाणी पाजायला निघाला, तर तिने डॉक्टरांचं सांगणं ऐकवून त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला: मूठभर मिश्रणावर आणखी कॅल्शियम आधीपासून भरपूर ओतलं, तर व्याल्यावर अंग हाडांतलं काढायचं विसरतं. मोरी व्याली आणि उभीच राहिली. खरवस मात्र कुणाला गेला नाही. वासरू प्यायलं, उरलेला चीक थोडाथोडा काढला.

शोकेसमध्ये आता बदकांच्या मधे त्या दुपारची कॅल्शियमची रिकामी बाटली आहे. ती हिरीनेच धुऊन ठेवलेली. हात लावायची धाऊची टाप नाही. नवा पाहुणा विचारतो, "चेअरमन, ह्ये कसलं बक्षीस?"

धाऊ तोंड उघडायच्या आत चहा घेऊन आलेली हिरी सांगते, "मोरीनं दिलंय त्यांला. खरवस वाटला म्हनून."