राजव्वाचं कुंपण आणि आम्ही तंबूवाले

सुलतान बाजारात माझं ताडपत्रीचं दुकान आहे. ताडपत्री, दोर, कॅनव्हास आणि अलीकडे तंबू. फळीवरचा माल विकला की संपतो, पण किस्स्यांचं उलटंच आहे. जितके वाटावेत तितके वाढतात! गिऱ्हाईक दोर घ्यायला येतं, चहाला बसतं, म्हणतं, "सेठ, तो पोलिसवाला किस्सा होऊन जाऊ द्या." मी सांगेपर्यंत मागे उभा असलेला स्वतःचा एक सांगून जातो. दोर राहतो तिथेच! शाळा मी लवकर सोडली, पुढचं शिक्षण अशा गिऱ्हाइकांनीच केलं.

आमची मंडळी छोटी. सुट्टी आली की गाड्या काढायच्या, हायवे सोडून आडवाटेला लागायचं, एखाद्या तलावाकाठी मुक्काम करायचा आणि तिथे आपण येऊन गेलो हे कुणाला कळणार नाही असं परत यायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा!

*

सुरुवात भालेराव साहेबांनी केली. मूळचे परभणीकडचे, सिकंदराबादला रेल्वेत नोकरी करून रिटायर झाले. व्हॅनच्या मागच्या सीटा काढून त्यांनी झोपायला फळी बसवली आहे. दुकानात आले, तंबू उलटापालटा करून पाहिला. मी सुरू झालो, "साहेब, थेंब आत येणार नाही. वारा हलवू शकणार नाही. झोप अशी लागेल की..."

"शेठ, तुम्ही कधी झोपलात यात?"

"मी? नाही बुवा."

"मग शनिवारी चला."

घरी सांगितलं तर सुमन, म्हणजे आमच्या मंडळी, माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, घरात पंखा आहे, पलंग आहे, संडास आहे. हे सगळं सोडून कुठे निघालात?"

मी सामान भरायला घेतलं. गादी, दोन उशा, पाण्याचा हंडा, पाट, देवघरातली समई आणि टेबलफॅन. टेबलफॅन का, ते विचारू नका! भालेराव साहेबांनी डिकी उघडली, शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "शेठ, घरमालकाला नोटीस दिली का रीतसर?"

*

त्या पहिल्या मुक्कामाची जागाच पुढे आमची लाडकी झाली. शहरापासून लांब, एका खेड्यामागचा चेरुवू, म्हणजे तलाव. तलाव सरकारी, पण तिथे जायची गाडीवाट राजव्वाच्या मक्याच्या शेतातून. राजव्वा एकटी बाई, उन्हाने रापलेली, आवाज ढोलासारखा. ती म्हणायची, "या, पण वाट सोडून चाक घालायचं नाही." आम्ही घातलं नाही.

भालेराव साहेबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. बाकी तलावांना शेवटी चालावं लागतं. या एकाच ठिकाणी व्हॅन पाण्यापर्यंत जाते. तिथे ते घडीची खुर्ची टाकतात, चहा घेतात आणि पाणकावळे बघत बसतात. बायको गेल्यापासून त्यांचा खरा रविवार म्हणजे ती खुर्ची. हे लक्षात ठेवा, कारण ही वाट आमच्यासाठी बंद झाली होती. ते सांगतोच, आधी बाकीचं होऊ द्या.

*

साहेबांचा नियम एक : तंबू ठोकण्याआधी गावात जायचं, चहा प्यायचा, जागा कुणाची ते विचारायचं आणि परवानगी घ्यायची. मोकळी दिसणारी प्रत्येक जागा मोकळी नसते.

एकदा वरंगलच्या वाटेवर एका गावात शिरलो. टपरीवर एक म्हातारबाबा बसले होते. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर पाटीलकी. आमचा खालिदभाई बोलायला गोड. तो कोठीत गॅरेज चालवतो, जुनी जीप बाळगतो. त्याने हात जोडले, आम्ही कोण, कुठले, आग करणार नाही, कचरा नेऊ, झाडाला खिळा मारणार नाही, सगळं सांगितलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली आणि माळाच्या कोपऱ्यातल्या चिंचेकडे बोट केलं. "तिथे राहा. सावली चांगली आहे."

तंबू ठोकून झाले, स्टोव्हवर चहा उकळला आणि एक माणूस तरातरा आला. "माझ्या माळावर कुणी बसवलं तुम्हाला?"

"त्या बाबांनी."

"ते? ते माझ्या मुलीचे सासरे! काल पाहुणे म्हणून आलेत!"

तेवढ्यात बाबा स्वतःच काठी टेकत आले. मालक म्हणाला, "व्याहीबुवा, तुम्ही परवानगी दिलीत?"

बाबा म्हणाले, "काय करू? आयुष्यात मला कुणी इतक्या अदबीने काही विचारलं नव्हतं. नाही म्हणवेना!"

*

खालिदभाईच्या जीपचा किस्सा याच्यापेक्षा लहान. मोबाईलवरच्या नकाशाने रस्ता दाखवला, तो प्रत्यक्षात निघाला ओलसर गाळ. साहेब ओरडत होते, "उतरा, पायी बघून या आधी!" खालिदभाई म्हणाला, "साब, ये फोर बाय फोर है, नाम नक्को खराब करो इसका." पुढच्याच क्षणी जीप दारापर्यंत गाळात.

एक ट्रॅक्टरवाला आला. साखळी लावून जीप बाहेर काढली. आम्ही पैसे पुढे केले तर घेईना. म्हणाला, "पैसे नकोत. जीप परत आत ढकलू, एक फोटो काढू."

"का रे बाबा?"

"माझा मेहुणा शहरात असलीच जीप घेऊन मिरवतो. त्याला पाठवायचाय!"

*

आता पोलिसवाला. साहेबांचा नियम दोन नैसर्गिक विधीचा आहे. पाण्यापासून लांब जायचं, कुदळीने वीतभर खड्डा करायचा, नंतर माती ओढून जागा होती तशी करायची. आम्ही तिघेही पाळतो.

त्या गावात कुणीतरी लांबून पाहिलं. तीन परकी माणसं, हातात कुदळ, आळीपाळीने झुडपात जातात, इकडे तिकडे बघतात, खणतात, पुन्हा बुजवतात! गावाजवळ जुनं पडकं देऊळ. झालं, गुप्तधन! आम्ही चहा पितोय तोवर अर्धा गाव गोळा झाला आणि पाठोपाठ जीपमधून फौजदार उतरले.

"काय खणताय?"

भालेराव साहेबांनी आयुष्यभर साहेबी केलेली. त्यांच्याच्याने तो शब्द उच्चारवेना. मी व्यापारी, पण माझीही जीभ टाळ्याला. बाया पदर तोंडाला लावून बघतायत.

फौजदार गरजले, "सांगा! काय काढताय जमिनीतून?"

खालिदभाई पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "साब, निकाल नई रहे, रखके आ रहे!"

फौजदारांनी कुदळीकडे पाहिलं. मग त्यांनी गर्दीकडे वळून विचारलं, "कुणाला उकरून बघायचंय?"

मिनिटात मैदान साफ!

*

आणि आता ती वाट.

साहेबांचा नियम तीन म्हणजे आपला कचरा तर न्यायचाच, शिवाय दुसऱ्याच्या कचऱ्याचं एक पोतं भरून न्यायचं. चांगला नियम आहे. त्यानेच घात केला.

त्या खेपेला साहेबांची मुलगी ऋता ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींना घेऊन आली. पोरं उत्साही. सकाळी आम्ही राजव्वाच्या तलावाकाठी पोहे करत होतो, तोवर ती हातमोजे घालून निघाली आणि पोतीच्या पोती भरून परतली. ऋता म्हणाली, "बाबा, लोक कसे असतात ना! शेताच्या कडेने फाटक्या साड्या, प्लास्टिकच्या पिशव्या, रिकाम्या बाटल्या, सगळं काठ्यांना बांधून ठेवलेलं! सगळं क्लीन केलं." साहेबांना लेकीचा अभिमान वाटला. मलाही वाटला. पोती आम्ही शहरात आणून रीतसर टाकली.

दोन दिवसांनी दुकानात फोन वाजला. राजव्वा. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळ्या दुकानाला ऐकू जात होतं. तेलुगूत म्हणाली, "सेठ, तुमच्या पोरांनी माझं कुंपण पोत्यात भरून नेलं!"

त्या साड्या, त्या पिशव्या, त्या वाऱ्यावर खडखडणाऱ्या बाटल्या हेच तिचं रानडुकरांविरुद्धचं कुंपण होतं. डुकरं आली आणि अर्ध्या मक्यात लोळून गेली.

आम्ही धावत गेलो. वाटेवर बाभळीच्या काट्यांचा हा एवढा ढीग. पलीकडे राजव्वा कमरेवर हात देऊन उभी. "तंबूवाल्यांची गाडी आता येणार नाही."

साहेब व्हॅनमधून उतरले सुद्धा नाहीत. काचेतून तलावाकडे बघत राहिले. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणाले. घडीची खुर्ची मागे खडखडत होती, परतीच्या वाटेभर.

*

नुकसानीचे पैसे तिने मुकाट घेतले, पण काटे हलवले नाहीत. मी तर व्यापारी. दुसऱ्या खेपेला दुकानातली उत्तम हिरवी जाळी घेऊन गेलो, कोरी करकरीत. राजव्वाने बोटांनी चाचपली आणि माझ्या अंगावर टाकली. "डुकराला कोरं कापड दाखवता? माणसाचा वास आला तरच ते बिचकतं. नेसलेल्या साड्या आणा. पूर्ण शेताला फेर बसला की वाट उघडीन."

मग काय! ऋताने ऑफिसात साड्या मागितल्या, खालिदभाईने गॅरेजच्या गल्लीत ओढण्या गोळा केल्या. सुमन नांदेडला बहिणीकडे गेली होती, म्हणून आमचं कपाट मीच उघडलं आणि तळाचं जुनं गाठोडं उचललं. सगळे राबलो. साहेब खुर्ची वाटेवर टाकून गाठी मारत होते. फेर जवळजवळ पूर्ण झाला, फक्त कोपऱ्यात एक साडीभर जागा उघडी राहिली. राजव्वा म्हणाली, "एक आणा, मग काटे काढते."

"ती माझ्याकडे लागली," मी म्हणालो.

सुमन परत आली. कपाट उघडलं.

"अहो, तळाचं गाठोडं कुठाय?"

"ते... डुकरांना दिलं."

"त्यात माझी हिरवी इरकल होती."

मी सगळं सांगितलं. ज्या बाईने इतक्या वर्षांत एकदाही तंबूकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ती म्हणाली, "गाडी काढा. आणि या घरातून आता एक चिंधीसुद्धा बाहेर जाणार नाही!"

साहेबांची व्हॅन, पुढे मी, मागे सुमन. हात रिकामे. साहेब मला हळूच म्हणाले, "शेठ, साडी?" मी मागे डोळ्यांनी खूण केली. साहेबांनी गिअर टाकला.

सुमनने कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. सगळ्या साड्या होत्या, इरकल नव्हती. तेवढ्यात झोपडीतून राजव्वा आली. हिरवी इरकल नेसून!

राजव्वाने सुमनला पाहिलं, मला पाहिलं आणि सगळं ओळखलं. पदराचा काठ पुढे धरून म्हणाली, "अम्मा, ही डुकरांना कशी बांधू? हे रफू बघा. टाका दिसत नाही. कुणाच्या हातचं आहे हे?"

सुमनने तो काठ बोटांवर घेतला. मग सावकाश म्हणाली, "माझ्या." बाजारात भाजी घेता घेता शिकलेल्या तेलुगूत.

"बदलून देते, थांबा," राजव्वा आत वळली.

"नको, आक्का. तुम्हाला शोभते. आमच्या घरात तीस वर्षांत ते रफू कुणाला दिसलं नाही."

भालेराव साहेब लगेच पाणकावळ्यांकडे बघायला लागले. मी कुठे बघावं ते मला कळेना.

राजव्वाने डोळे पुसले आणि लगेच आवाज पूर्वपदावर आणला. "पण कोपरा उघडाच आहे. कोपरा उघडा, तर काटे वाटेवर!"

सुमनने कोपऱ्याकडे पाहिलं. काट्यांकडे पाहिलं. साहेबांच्या हातातल्या घडीच्या खुर्चीकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे.

"अहो, शर्ट काढा."

"अगं, इथे?"

"काढा म्हणते ना. बनियनसुद्धा!"

प्रवासाचा घाम, वर दिवसभराचं ऊन. राजव्वाने दोन्ही कपडे हातात घेतले, नाकाजवळ नेले आणि झटकन हात लांब केला. काठीला बांधून गाठ आवळली. मग वळून, पायाने पहिला काटा बाजूला सारत म्हणाली,

"गाडी आत घ्या साहेब. आता डुकरं पलीकडच्या गावातसुद्धा येणार नाहीत!"