बेवारस बटणांची नोंद

सव्वीस वर्षांच्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक कुलूपरावांनी एका शांत दुपारी केली. टेबल पुसून, पेनात नवी शाई भरून, अगदी सुवाच्य अक्षरात. खात्याच्या वार्षिक अहवालात 'विशेष साहाय्य योजनेतील उपकरणे' असा एक रकाना होता. त्यापुढे त्यांनी लिहिलं, 'चारही वाचनयंत्रे सुस्थितीत, नव्यासारखी, न वापरलेली.' खाली सही केली, शिक्का मारला, आणि मोठं काम उरकल्यासारखे चहा पीत बसले.

त्यांचं तरी काय चुकलं? सव्वीस वर्षं ते हेच वाक्य लिहीत आले होते. खुर्च्या आल्या, फळे आले, नकाशे आले. सगळे सुस्थितीत, नव्यासारखे. दर तपासणीला कुणी ना कुणी साहेब पाठ थोपटून गेला होता. एक साहेब तर म्हणाले होते की असा भांडारपाल प्रत्येक केंद्राला मिळायला हवा. त्या केंद्रात शिकायचं कुणी हा प्रश्न साहेबांनाही पडला नव्हता आणि कुलूपरावांनाही.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच सुखात होतं. बाकी सगळ्यांना ते कुलूपराव. कमरेला चौदा किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे माणूस जिन्यावर असतानाच वर्गाला कळायचं. घरीही तीच तऱ्हा. टीव्हीचा रिमोट पिशवीत, गादीवर दुकानातलं आवरण, लग्नात आलेल्या कपबश्या बावीस वर्षं खोक्यात. "मला तेवढं खोक्यात घातलं नाहीत, हेच उपकार," असं बायको पाहुण्यांदेखत म्हणायची, आणि पाहुणे स्टीलच्या पेल्यातून चहा पीत हसायचे.

केंद्र दुमजली इमारतीत होतं. खाली पाणीपट्टीची खिडकी, वर दोन वर्ग आणि कुलूपरावांची भांडारखोली. आठवड्यातून तीन संध्याकाळी, सहा ते आठ, ज्यांचं शिक्षण लहानपणी राहून गेलं ते इथं यायचे. यंदा खात्यानं प्रथमच, ज्यांना दिसत नाही किंवा वाचताना अक्षरं जागेवर राहत नाहीत अशांसाठी पैसे मंजूर केले होते. त्यातून ही चार यंत्रं आली. यंत्राखाली कागद ठेवायचा, कळ दाबायची, की ते कागद वाचून दाखवायचं. कळा पाच. सुरू, बंद, मागे, मोठ्यानं, सावकाश. पण पाचही एका गुळगुळीत काळ्या पट्टीत बसवलेल्या. डोळ्यांना चिन्हं दिसायची, बोटाला सगळ्या सारख्याच लागायच्या. आंधळ्यांसाठीचं यंत्र बनवणाऱ्यानं ते डोळे उघडे ठेवून बनवलं होतं.

तर चारही यंत्रं न वापरलेली होती हे खरं नव्हतं. तीन होती. दोन नंबरचं मात्र पाच महिने दर वर्गाला जात होतं. शिकवणाऱ्या बाई मागे लागल्या म्हणून कुलूपरावांनी ते एकटं बाहेर काढायचं कबूल केलं होतं. एक बिघडलं तरी तीन उरतील, हा त्यांचा हिशेब. सहाला दहा मिनिटं कमी असताना प्लॅस्टिकचं आवरण सोडवायचं, आठनंतर यंत्र ओल्या फडक्यानं पुसायचं, त्यातली वाचलेल्या कागदांची सगळी साठवण पुसून कारखान्यातून आलं तसं करायचं, आवरण चढवायचं, चिकटपट्टी लावायची, कुलूप. बोटाचा ठसासुद्धा मागे राहायचा नाही. आपल्या सफाईचा त्यांना अभिमान होता.

त्या अभिमानाला एकच माणूस रोज सुरुंग लावायचा. ती बटणमावशी.

बटणमावशी शर्टांच्या कारखान्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासून बटणं लावायची. दिवसाला हजार काजं, हजार बटणं. चाळिशीत नजर गेली; आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. कारखान्यानं एक डबाभर नाकारलेली बटणं हातात दिली आणि निरोप दिला. जिल्ह्याच्या रुग्णालयात टेलिफोनवर बसायची एक जागा न दिसणाऱ्यांसाठी राखीव होती. अट दोनच. आठवीच्या बरोबरीची परीक्षा पास, आणि वय पंचेचाळीसच्या आत. मावशी चव्वेचाळीस संपवत आली होती. येत्या सोमवारी परीक्षा होती, आणि पुढची परीक्षा यायची तेव्हा मावशी वयातून बाद.

ही मावशी वर्गात आली की पदरातून पाच बटणं काढायची आणि डिंकाच्या ठिपक्यानं कळांवर चिकटवायची. दोन भोकांचं म्हणजे सुरू, चार भोकांचं म्हणजे बंद, दांडीचं म्हणजे मागे, असं. मग तिची बोटं त्या पट्टीवर अशी चालायची की बाईही शिकवायचं थांबून बघत. तिच्या पाठोपाठ वर्गातल्या आणखी तिघांना तेच सोपं पडलं. आठ वाजता कुलूपराव यायचे, नखानं बटणं उचकटायचे, म्हणायचे, "सरकारी वस्तूचं विद्रूपीकरण आहे हे, मावशी."

"माझी बटणं तरी द्या."

"ती आता बेवारस. लेखी अर्ज करा, मग परत."

हा टोमणा नव्हता, नियम होता. वर्गात सापडलेली वस्तू बेवारस वस्तूंच्या वहीत चढवायची, आणि मालकानं लेखी अर्ज केला तरच सोडायची. छत्र्या, चष्मे, एक एकटी चप्पल, सगळं त्या वहीत होतं. मावशीला लिहिता येत नव्हतं. ती हसायची आणि पुढच्या वर्गाला डब्यातून नवी पाच आणायची. बाई म्हणायच्या की दोघंही एका माळेचे मणी आहेत.

अहवाल गेल्यानंतर तीन आठवड्यांनी, परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी, टपालानं खात्याचा आदेश आला. 'उपकरणे न वापरलेली असल्याचे केंद्रानेच कळविल्यामुळे ती गरजू केंद्राकडे वर्ग करण्यात येत आहेत. साहाय्यक शिक्षिकेसाठीचे पुढील वर्षाचे अनुदान थांबविण्यात येत आहे. तपासणी अधिकारी आजच दुपारी चार वाजता ताबा घेतील.'

कुलूपरावांनी तो कागद तीनदा वाचला. मग बाईंना दाखवला. साहाय्यक शिक्षिका म्हणजे बाईच. पण स्वतःचं सोडून त्यांनी एवढंच सांगितलं की परीक्षा मंडळानं मावशीला यंत्र वापरायची आणि उत्तरं तोंडी सांगायची परवानगी दिलीय, आणि त्या पत्रात 'केंद्राच्या ताब्यातील यंत्र' असे शब्द आहेत. केंद्राच्या ताब्यात यंत्र नसेल तर सोमवारी मावशीच्या पुढ्यात प्रश्नपत्रिका येईल आणि ती कोऱ्या कागदासारखी हातात धरून बसेल.

"तुम्ही सांगून टाका त्यांना," बाई म्हणाल्या. "रोज वापरत होतो म्हणून."

सांगून टाका म्हणणं सोपं होतं. वापरलं म्हटलं तर अहवाल खोटा. खोट्या अहवालावर सही कुणाची? निवृत्तीला सात वर्षं राहिलेली, मुलीचं शेवटचं वर्ष चाललेलं. आणि नाही म्हटलं तर मावशी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कुलूपरावांनी कपाट उघडलं, चारही यंत्रं टेबलावर मांडली, आणि सवयीनं त्यांच्यावर फडकं मारलं.

चारला टेम्पो येऊन थांबला. तपासणी अधिकारी मॅडम वर आल्या. वयानं लहान, आवाजानं शांत, हातात यादी. आल्या आल्या त्यांनी यंत्रं बघितली आणि मनापासून कौतुक केलं. इतकी नीट ठेवलेली उपकरणं त्यांनी बघितली नव्हती म्हणे. कुलूपरावांना आयुष्यात पहिल्यांदा कौतुक घशाखाली उतरेना.

बाईंनी विषय काढला. दोन नंबरचं यंत्र रोज वापरात आहे, चार विद्यार्थी त्यावर शिकतात, एकीची सोमवारी परीक्षा आहे. मॅडमनी ऐकून घेतलं आणि नोंदवही मागितली. वापराची नोंदवही नव्हती. यंत्राची साठवण बघितली. ती कोरी. कळांवरचा रंग बघितला. जसाच्या तसा. आवरणाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज झाला. बाईंनी निरोप पाठवला होता. मावशी दोन तास आधीच आली होती. दारातच तिनं विचारलं की यंत्र अजून आहे का. मग टेबलापाशी येऊन पाच बटणं चिकटवली, बाईंच्या हातातलं पुस्तक यंत्राखाली सरळ केलं आणि धडा लावला. यंत्र बोलू लागलं. मावशीनं मध्येच थांबवलं, एक ओळ मागे नेलं, सावकाश केलं, आणि ती ओळ पाठ म्हणून दाखवली. बोटं एकदाही चुकली नाहीत.

मॅडमनी त्या बटणांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मावशी, मला पटतंय. पण माझ्या वरच्यांना हे कागदावर पटवावं लागतं. आदेश आल्यावर दोन तासांत कुणीतरी शिकवलं, असं ते म्हणतील. आणि जिथं ही यंत्रं जाणार आहेत, तिथंही नऊ जण वाट बघताहेत. त्यांना मी काय सांगू?"

मॅडमनी यादी पुढे सरकवली. "इथं सही करा."

कुलूपरावांनी पेन उघडलं. खिडकीतून टेम्पोवाला दिसत होता. त्यानं मागची फळी खाली सोडली होती. बाई भिंतीकडे बघत होत्या. मावशीला काही दिसत नव्हतं, तरी तिचा चेहरा नेमका कुलूपरावांकडे वळलेला होता. तिनं एकच विचारलं, तेही हळूच.

"आजची बटणं काढायची का, भाऊ? मीच काढते. तुमचं नख दुखेल."

कुलूपरावांचं पेन कागदावर टेकलं होतं, तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद डागाळला नव्हता. त्यांनी पेन बंद केलं. जुडग्यातली बारीक किल्ली शोधली. रोजची किल्ली, पण आज ती सापडेना. मग सापडली. सगळ्यात खालच्या खणातून त्यांनी बेवारस वस्तूंची वही काढली आणि एक पत्र्याचा डबा काढला.

"हे बघा," ते म्हणाले, आणि वही मॅडमपुढे सरकवली.

मॅडमनी पान उघडलं. तारीख, वेळ रात्रीचे आठ वाजून पाच मिनिटं, 'यंत्र क्रमांक दोनच्या कळांवरून काढलेली बटणे, नग पाच', सही. पुढच्या वर्गाच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच. मध्येच एक छत्री, एक चष्म्याची काडी, आणि पुन्हा बटणं. पाच महिने. त्यांनी बोट ठेवत ठेवत मोजलं. अठ्ठावन्न नोंदी. बाईंनी डबा टेबलावर उलटा केला, तेव्हा दोनशे नव्वद बटणं खळखळत पसरली. मावशी आवाजावरूनच म्हणाली, "माझीच."

"म्हणजे हे यंत्र अठ्ठावन्न दिवस वापरलं गेलं, आणि तुम्ही न वापरलेलं म्हणून लिहिलंत," मॅडम म्हणाल्या.

"होय."

"दोन कागद, दोन्हीवर तुमची सही. खोटी कुठली?"

"अहवालावरची." कुलूपरावांनी वहीवर बोट ठेवलं. "वही खरी आहे. वहीत मी कधी खोटं लिहीत नाही."

मॅडमना हसू आलं असावं, पण त्यांनी ते यादीत बघून दाबलं. मग उभ्या उभ्या शेरा लिहिला. यंत्र क्रमांक दोन नियमित वापरात असल्याचे नोंदींवरून दिसते, सबब फेरविचार होईपर्यंत केंद्राच्याच ताब्यात राहावे. बाईंच्या अनुदानाबद्दल त्या शब्द देऊ शकत नव्हत्या. शिफारस करते म्हणाल्या. उरलेली तीन यंत्रं त्यांनी नेली, आणि त्याला कुलूपराव काय, बाईही नाही म्हणू शकल्या नाहीत. पाच महिने ती कपाटात हवा खात होती, आणि चौघं जण एका यंत्रापुढे रांग लावून बसत होते. जाता जाता मॅडमनी वही आणि डबा पिशवीत टाकला. पुरावा म्हणून.

"खुलाशाची नोटीस येईल तुम्हाला," त्या जिन्यावरून म्हणाल्या. "चांगल्या अक्षरात उत्तर द्या. अक्षर सुरेख आहे तुमचं."

नोटीस आली, आणि एक वेतनवाढही थांबली. घरी हे ऐकल्यावर बायकोनं खोक्यातून दोन कपबश्या काढल्या, धुतल्या आणि त्यात चहा ओतला. कुलूपरावांनी कानाला धरून कप जपून उचलला. जड होता.

सोमवारी यंत्र स्वतः कुलूपरावांनी मांडीवर धरून रिक्षातून परीक्षेला नेलं. आवरण नव्हतं. कळांवर शुक्रवारची पाच बटणं तशीच होती. एकाचा डिंक सुटत आला होता, तो त्यांनी रविवारी येऊन पक्का केला होता. पेपर सुटेपर्यंत ते वऱ्हांड्यात उभे राहिले. मावशी बाहेर आली आणि म्हणाली की गणितानं छळलं, बाकी ठीक. निकालाला दीड महिना होता, आणि तिच्या वाढदिवसाला दोन.

पण मावशी गप्प बसणारी नव्हती. पुढच्या वर्गाला तिनं भांडारखोलीच्या टेबलावर एक कागद ठेवला. बाईंनी दाबून आखून दिलेल्या ओळींत, बोटानं आखणी चाचपत, एक एक अक्षर करून, ओळ सोडून वर-खाली धावत लिहिलेला. तिच्या आयुष्यातला पहिला अर्ज. 'माझी बटने दोनशे नव्वद परत द्यावी.' खाली सही, तीही तिचीच.

कुलूपरावांनी तो दोनदा वाचला. नियमाप्रमाणे अर्ज बिनचूक होता. त्यावर त्यांनी 'मंजूर' लिहिलं, तारीख घातली, शिक्का मारला. मग डबा ठेवायच्या खणाकडे बघितलं. डबा खात्यात, एका फायलीला बांधलेला होता, आणि फेरविचार कधी होईल हे खात्यालाही माहीत नव्हतं.

"मंजूर झाला, मावशी," ते म्हणाले.

"मग द्या."

"देतो. जरा थांबावं लागेल."

"थांबते," मावशी म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.