चांदीचं रक्त आणि कारभारीचं दाभण

मिरजगावच्या शिवारात गोऱ्ह्याला वेसण घालायची झाली, की कारभारीशिवाय पान हलत नसे. अंगानं काडी, मिशी मात्र दोन माणसांची. दाभण हातात आलं की असा सावकाश चाले, जणू मागून वरातच येतेय.

त्याची एक रीत होती. आधी गरीब स्वभावाच्या गाईच्या कानाला दाभण टोचायचं आणि त्याच रक्ताळल्या टोकानं गोऱ्ह्याचं नाक. गाईचा गरीबपणा गोऱ्ह्यात उतरतो, असं तो सांगे. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्याच्या दारी संकरित चांदी आली. धार काढताना डुलक्या घेणारी गाय! मग काय, गावातल्या साऱ्या गोऱ्ह्यांना चांदीचंच रक्त.

एके दिवशी जनावरांचे डॉक्टर, गावच्या पाहणीत नेलेलं तिचं रक्त तपासून, परत आले.

"कारभारी, चांदीच्या रक्तात पांढऱ्या पेशी फार वाढल्यात."

"मग दूधबी वाढंल की!"

"अहो, त्या पेशी शरीराच्या राखणदार. एक विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो. परदेशात नुकताच सापडलाय, माझा संशय त्याच्यावरच आहे. राखणदाराच्या पोटात बसतो. एका पेशीच्या दोन झाल्या, की दोन्हींत हा असतोच. बऱ्याच गाई धडधाकट राहतात. एखादीला काही वर्षांनी गाठी येतात, ती वाचत नाही. औषध नाही."

"घरजावईच म्हना की. दुसऱ्या जनावरात कसा जातो?"

"रक्तातून. थेंबभर पुरतं."

कारभारीची मिशी खाली आली. दारातून त्याची बायको मनकर्णा म्हणाली, "अवो, त्या जावयाला घरोघर तुमीच पोचवलं की!"

दुसऱ्या दिवशी सहादेव आपला आडदांड गोऱ्हा घेऊन आला. चार लोक बघायला जमले. चांदीचं रक्त लावलं तर रोग. न लावलं आणि गोऱ्हा बिथरला, तर आयुष्यभराचं नाव मातीत. बराच वेळ तो चांदीच्या कानाकडं बघत राहिला. मग चुलीवर पातेलं चढवून दाभण उकळत ठेवलं.

"शिजलं का बघा," मनकर्णा म्हणाली, "मीठ टाकू व्हय?"

चांदीला न शिवता त्यानं गोऱ्ह्याचं नाक टोचलं. गोऱ्ह्यानं अशी लाथ झाडली, की कारभारी थेट शेणाच्या ढिगात.

"बुवा, गरीबपना कुटं गेला?" सहादेव खदखदला.

मिशी पुसत कारभारी उठला. "गरीबपना न्हाई उतरला, तसा रोगबी न्हाई उतरला. चांदीच्या रक्तात खोट हाय. आजवर म्याच ती वाटली."

हसणं थांबलं. त्या दिवसापासून टोचलेली जनावरं दाखवत तो डॉक्टरांबरोबर दारोदार हिंडला. दोघा मालकांनी तोंडावर शिव्या घातल्या, त्यानं खाल्ल्या.

पण माणूस कारभारीच. त्यानं नवी रीत काढली. दाभण उकळेपर्यंत मालकानं गोऱ्ह्याची मान खाजवत बसायचं. तेवढ्यात गोऱ्हा निवे.

"आता गरीबपना वाफंतनं येतो," तो ऐटीत सांगे.

आणि मनकर्णा चुलीत आणखी एक लाकूड सारी.