खडूच्या रेषेच्या आत

चाकणच्या आमच्या कंपनीत रंगकामाचा ठेका घेणारे एक गृहस्थ कुरुळीहून येतात. काम सांगायला लागलं की ते आपल्याकडे बघतच नाहीत. कानावरचा खडू काढतात, उकिडवे बसतात आणि सरकत सरकत, जेवढं रंगवायचं तेवढ्याभोवती फरशीवर रेष ओढतात. मग मान वर करतात. "ह्याच्या आतलं समदं माझं. भाईरचं काय न्हाई. व्हय ना?" आपण हो म्हटल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नाहीत.

"जाता जाता त्या दरवाजालाही हात मारून टाका," मी एकदा म्हणालो होतो.

"जाता जाता आमी फकस्त घरी जातो, राव."

मध्यंतरी एका मशीनभोवतीचं कुंपण पिवळं करायचं होतं. रेष ओढून, खडू तिथेच ठेवून हे चहाला गेले. आमच्या मॅनेजर साहेबांनी बुटाने रेष पुसली, दोन हात पुढे नेली, शेजारचा खांब फुकटात आत घेतला आणि मला डोळा मारला. गृहस्थ परत आले. रेषेकडे बघितलं, साहेबांच्या बुटाकडे बघितलं आणि डबा उघडला.

आम्ही जेवून येतो तर खांब पिवळाधमक. खांबाजवळची साहेबांची फिरती खुर्चीही पिवळीधमक, चाकांसकट!

साहेबांचा आवाज पार गेटपर्यंत गेला. हे ब्रश पुसत म्हणाले, "साहेब, ती बी आतच व्हती की."

हल्ली त्यांनी कानावरचा खडू काढला, की साहेब स्वतःच दोन पावलं मागे सरकतात.